फुंकणाऱ्या कर्मचाऱ्याचा दात

पाणीखात्याला बँड कशासाठी लागतो, हे खात्यातल्या कुणालाच नीट सांगता आलं नसतं. फार पूर्वी एका मुख्य अभियंत्याला संगीताचं वेड होतं आणि सहीचा अधिकारही होता. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की काहीही उभं राहू शकतं. अभियंता निवृत्त झाला, वारला, त्याच्या तसबिरीवर धूळ बसली. बँड मात्र राहिला. खात्यातले चौदा जण दर रविवारी दुपारी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बसून वाजवायचे आणि उरलेले सहा दिवस पंप चालवायचे, फुटलेले पाइप जोडायचे, किंवा मीटरकाकांसारखे घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे.

मीटरकाका हे नाव त्यांना गल्ल्यांनी दिलं होतं आणि त्यांनी ते तक्रार न करता वापरायला घेतलं होतं. वय अठ्ठावन्न. अंगाने काटकुळे, आणि लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, कुंड्यांच्या आड वाकून वाकून थोडे प्रश्नचिन्हासारखे झालेले. चौतीस वर्षं ते लोकांच्या घरात शिरत होते आणि आकड्यापलीकडे कुणाला काही विचारत नव्हते. दार बंद असलं की इतर मीटरवाले अंदाजाने आकडा ठोकून देत. मीटरकाका वहीत 'घर बंद, पुन्हा भेट' असं लिहीत आणि खरोखरच पुन्हा जात. त्यांनी आजवर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता असं नाही. खोटा आकडा सुचायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांनी सगळीच्या सगळी क्लॅरिनेटवर खर्च केली होती.

क्लॅरिनेट तोंडात धरायची एक रीत असते. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून घ्यायचा, त्यावर वाद्याची वेताची पातळ पट्टी टेकवायची, आणि वरचे समोरचे दोन दात थेट वाद्याच्या चोचीवर ठेवायचे. फुंकर मारली की पट्टी थरथरते. ती थरथर चोचीतून दातांत शिरते, दातांतून हाडात, हाडातून अख्ख्या डोक्यात. त्यामुळे वाजवणाऱ्याला दोन सूर ऐकू येतात. एक कानांतून येतो, तो सगळ्यांचा. दुसरा दातांतून येतो. तो फक्त त्याचा.

हा दुसरा सूर मीटरकाकांना पहिल्यांदा भेटला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. मामाची जुनी क्लॅरिनेट घेऊन ते माळ्यावर बसले होते. आठवडाभर नुसत्या किंकाळ्या निघाल्या होत्या, आणि खालून आई 'कोण मेलं रे वर?' असं रोज विचारत होती. आठव्या दिवशी एक खालचा सूर सरळ लागला, आणि डोक्यात कुणीतरी दिवा लावून एक खोली दाखवावी तसं झालं. खोली मोठी होती, रिकामी होती, आणि तिच्या पार टोकाला एक खिडकी उघडी होती. सूर थांबला तशी खोली गेली. तेव्हापासून एकेचाळीस वर्षं ते रोज तासभर त्या खोलीत जाऊन बसत होते. लग्न, नोकरी, मुलीचा जन्म, तिचं लांबच्या गावी जाणं, हे सगळं त्या खोलीच्या बाहेर घडलं. त्याबद्दलचा विचार मात्र त्यांनी आत बसून केला. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. सांगायचं म्हणजे 'माझ्या डोक्यात एक रिकामी खोली आहे' असं काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि त्यावर काकू काय म्हणाल्या असत्या हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

तीन महिन्यांपूर्वी त्यांचा वरचा डावा समोरचा दात हलायला लागला. अगदी थोडा. जिभेने ढकलला तर किंचित मागेपुढे व्हायचा, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा. सूर लागायचा, पण खोलीतला दिवा मधूनच फडफडायचा. त्यांनी चोचीवर रबराचा छोटा तुकडा चिकटवून पाहिला. दाताला बरं वाटलं, पण सूर आत शिरेनासा झाला. शेजारच्या घरात कुणीतरी दुसराच वाजवतोय असं ऐकू यायला लागलं. त्यांनी तो तुकडा सोलून टाकला आणि गप्प बसले. दातांच्या डॉक्टरकडे गेलं की दात काढतात, हे त्यांचं दंतवैद्यकाचं संपूर्ण ज्ञान होतं.

ते असेच गप्प बसले असते. पण ट्राँबोनवाल्याची कवळी आडवी आली. एका रविवारी, ऐन जोरातल्या ओळीत, ती त्याच्या तोंडातून निसटली, चौथऱ्याच्या तीन पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या चपलेपाशी जाऊन थांबली. बाई सुसंस्कृत होत्या. त्यांनी ती रुमालात उचलून परत दिली आणि नंतर टाळ्याही वाजवल्या. खात्याने मात्र चौकशी समिती नेमली, आणि समितीने परिपत्रक काढलं: 'बँड पथकातील सर्व फुंकणाऱ्या कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा दंततपासणी करून घ्यावी व वाजवण्यास योग्य अथवा अयोग्य असा दाखला सादर करावा. तपासणीस वाद्यासह हजर राहावे.' ड्रमवाला आणि झांजवाला फुंकत नसल्यामुळे त्यांचे दात ही त्यांची खाजगी बाब ठरली.

"अहो, तो निळा शर्ट घाला," तपासणीच्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या. "दात बघायचे असले तरी शर्ट दिसतोच."

"नुसती नेहमीची तपासणी आहे."

"मग चेहरा का असा, पेपर फुटल्यासारखा?"

"कुठे काय?"

"तीन महिने तुम्ही सफरचंद फोडी करून खाताय. आधी घोड्यासारखं खायचात."

"वय झालं आता."

"सफरचंदाचं?"

मीटरकाकांनी निळा शर्ट घातला आणि क्लॅरिनेटची पेटी घेऊन निघाले.

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, दोन खुर्च्या आणि खिडकीत एक रोप, ज्याची पानं कुणीतरी रोज पुसत असावं. ऊन जमिनीवर चौकोन करून पडलं होतं. आतून बारीक शिट्टीसारखा एक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. तो दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी अडकलाय, असं मीटरकाकांना वाटलं, आणि त्याला थोडं वर सरकवायला हवं, असंही.

मदतनीस ताईंनी त्यांना एक फॉर्म दिला. रक्तदाब आहे का, साखर आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तंबाखू खाता का, रोजची औषधं कुठली, हिरड्यांतून रक्त येतं का. मीटरकाकांनी सुबक अक्षरात एकेक उत्तर भरलं. नववा प्रश्न होता: 'कोणताही दात हलतो का?'

त्यांनी पेन खाली ठेवलं, खिडकीतल्या रोपाकडे पाहिलं, पेन उचललं आणि लिहिलं: 'नाही.'

चौतीस वर्षांतला पहिला खोटा आकडा. अक्षर तेवढंच सुबक आलं, याचं त्यांना वाईट वाटलं.

"वाद्य आत आणायचं का?" त्यांनी ताईंना विचारलं.

"कशाला?"

"परिपत्रकात आहे."

"बाकावर ठेवा," ताई म्हणाल्या. "परवा एकजण केवढातरी पितळी भोंगा घेऊन आले होते. दारातून आत येईना. त्यांचे दात आम्ही बाहेरच तपासणार होतो."

डॉक्टरीणबाई तिशीच्या होत्या. आवाज हळू. त्यांची एक पद्धत होती: कुठलीही गोष्ट करायच्या आधी ती सांगायची, मग एक क्षण थांबायचं, मग करायची. बँडमास्तर छडी उचलून जसा थांबतो तसं. मीटरकाकांना ही पद्धत एकदम पटली, आणि पटल्यामुळे अधिकच अपराधी वाटलं.

"याआधी दातांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतात, काका?"

"मुलगी पोटात होती तेव्हा."

"मुलीचं वय आता?"

"तिला दोन मुलं आहेत."

"ताई, लिहा, बऱ्याच काळाने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता खुर्ची मागे नेते."

खुर्ची हळूच मागे झुकली, पाय वर आले, आणि किनाऱ्यावरून कुणीतरी होडी लोटून द्यावी तसं मीटरकाकांना वाटलं. गळ्याभोवती कागदी रुमाल आला. वर छतावर ओलीचा एक डाग होता, तळ्याच्या आकाराचा, कडा पिवळसर. वरच्या मजल्याच्या मोरीतून पाझरतंय, त्यांनी मनात नोंद केली. मग दिवा पेटला आणि तळं उजेडात बुडून गेलं.

"आधी बाहेरून बघते." बोटं जबड्याखालून, मानेवरून, कानांमागून फिरली. "इथे गाठी आहेत का ते बघतात. नाहीत. आता जीभ बाहेर. डावीकडे. उजवीकडे. वर. आता गाल. कुठे पांढरा चट्टा, न भरणारी जखम वगैरे असेल तर ती आधी दिसावी, म्हणून. काही नाही. छान. आता आरसा आत घालते."

छोटा गोल आरसा आत आला. चाळीस वर्षं तोंडात एकच वस्तू येत आली होती, त्यामुळे तोंडाने जे नेहमी करायचं तेच केलं. खालचा ओठ दातांवर दुमडला, वरचे दात आरशाच्या दांडीवर अलगद टेकले, गाल आत गेले.

"खालचा ओठ सैल सोडा, काका."

त्यांनी सोडला. आरसा आत आला. ओठ पुन्हा दुमडला.

"सैल."

"हं," मीटरकाका म्हणाले, आणि त्यांना खरोखर वाटलं की सोडलाय.

"काका, खालचे समोरचे दात आहेत ना तुम्हाला?"

"आहेत की."

"मग दाखवा ना."

"लाजरे असतील," ताई मागून म्हणाल्या.

सगळे मिळून चार वेळा प्रयत्न झाला. आरसा दिसला की ओठ आपला आपण दुमडायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तो एका बोटाने खाली धरून ठेवला आणि वरच्या दातांकडे पाहिलं. तिथे दोन्ही दातांच्या कडेला एक गुळगुळीत खाच होती, उंबऱ्याला पडते तशी.

"कुठलं वाद्य?"

"क्लॅरिनेट. बाहेर बाकावर आहे."

"तरीच," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड सारखं सुरू करायला बघतंय."

मग आकडे सुरू झाले. एका बारीक, खुणा केलेल्या सळईने त्या दात आणि हिरडी यांच्यामधली खोली मोजत होत्या आणि ताई लिहून घेत होत्या. दोन-तीनपर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं तर लक्ष द्यायचं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, दोन, दोन." आयुष्यभर आकडे वाचणाऱ्या माणसाचं आज कुणीतरी रीडिंग घेत होतं, आणि ते ऐकायला अनपेक्षितपणे गोड होतं. मीटरकाकांचे डोळे मिटले. आकडे लांबून, पाण्यावरून येत होते. त्यांचा पाय खुर्चीच्या टोकाला हलायला लागला.

"दुखतंय का?"

"नाही. ताल आहे," मीटरकाका कसंबसं म्हणाले.

"तीन, दोन, तीन. दोन, तीन, दोन. तीन, दोन, सहा."

पाय थांबला. ज्या मीटरचा आकडा असा उडी मारतो, त्या घरात कुठेतरी गळती असते. हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दोन सळयांची बोथट टोकं त्या दाताच्या पुढे-मागे टेकवली आणि हलकंच दाबलं. दाताने कूस बदलली.

डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं.

"काका, फॉर्मवर 'नाही' आहे."

"हो."

"हा हलतोय."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

मीटरकाकांनी छताकडे पाहिलं. दिव्यामुळे तिथे काहीच दिसत नव्हतं. "तीन महिने," ते म्हणाले.

"खोडू का मी?" ताईंनी विचारलं.

"मी खोडतो." ते कागदी रुमालासकट उठून बसले, फॉर्म मांडीवर घेतला, 'नाही'वर एकच सरळ रेघ ओढली, वर 'होय' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. मीटरच्या वहीत खाडाखोड अशीच करतात. मग पेन परत देत त्यांनी विचारलं, "काढणार?"

"आधी फोटो काढू. दाताचा." डॉक्टरीणबाईंनी एक चपटा तुकडा तोंडात ठेवला, तो चावून धरायला सांगितला, ओठ अर्थातच दुमडला, आणि बाहेर जाऊन बटण दाबलं. मिनिटभरात पडद्यावर राखाडी चित्र आलं. "हे मूळ. हे भोवतीचं हाड. इथपर्यंत असायला हवं होतं, इथपर्यंत मागे हटलंय. वर्षानुवर्षं कीटण साचलंय, त्याने हिरडी सुटली, आणि त्यात वरून रोज वाद्याचा दाब."

मीटरकाका चित्राकडे बघत राहिले. हाड होतं, मुळं होती, धुक्यासारखं काहीतरी होतं. खोली दिसत नव्हती. ती फोटोत येत नसावी.

आणि मग, एकेचाळीस वर्षांत जे बायकोला सांगितलं नाही ते त्यांनी कागदी रुमाल बांधलेल्या अवस्थेत एका अनोळखी बाईला सांगून टाकलं. दोन सुरांचं. आतल्या सुराचं. खोलीचं. सांगताना खिडकीबद्दल मात्र बोलले नाहीत. काहीतरी राखून ठेवावं माणसाने.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ताईंनी हसावं की नाही हे डॉक्टरीणबाईंकडे बघून ठरवलं.

"मला बोट लावू द्या," त्या म्हणाल्या. हातमोज्यातल्या बोटाचं टोक त्यांनी त्या दातावर अलगद ठेवलं. "आता गुणगुणा. तोंड उघडं ठेवून. खालचा सूर."

मीटरकाकांनी खालचा सूर धरला. डॉक्टरीणबाईंची मान किंचित कलली, दार ठोठावल्यासारखं वाटलं की माणूस कलवतो तशी. सूर संपेपर्यंत त्यांनी बोट हलवलं नाही.

"येतोय," त्या म्हणाल्या. "मांजर घुरघुरावं तसा. वाद्यावर केवढा येत असेल."

आजवर त्या सुराला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मीटरकाकांना एकदम लाज वाटली, आणि मग वाटेनाशी झाली.

"आता नीट ऐका," डॉक्टरीणबाई स्टूल पुढे ओढून म्हणाल्या. "आहे तसं वाजवत राहिलात तर अजून वर्ष-दीड वर्ष जाईल. सूर असाच राहील. मग दात आपोआप पडेल, आणि तो बहुधा रविवारीच पडेल. नाहीतर आज सगळं कीटण काढू. पुढच्या आठवड्यात या दाताला मागच्या बाजूने, दिसणार नाही अशा बारीक तारेने, शेजारच्या दोघांशी बांधून टाकू. दोन महिने वाद्य तोंडात घालायचं नाही. मग माझ्या मते दात राहील. पुष्कळ वर्षं राहील. लेखी हमी देणार नाही, पण राहील."

"आणि सूर?"

"सुराचं मला माहीत नाही. तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. बदलेल बहुतेक. एकाऐवजी तीन दात एकत्र थरथरणार."

म्हणजे ओळखीची खोली, दीड वर्षं. किंवा कुठली तरी दुसरी, जी असेल की नाही तेही माहीत नाही.

"कीटण तर काढायचंच आहे," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात विचार करा. आवाज येईल, गार पाणी उडेल, थोडं शिवशिवेल. नकोसं झालं तर डावा हात वर करा. आता सुरू करते."

खुर्ची पुन्हा मागे गेली. बाहेर ऐकलेली शिट्टी आता तोंडात आली. ती दाताला टेकली आणि सरळ आत घुसली, हाडातून, न विचारता. मीटरकाका दचकले. आजवर त्या वाटेने क्लॅरिनेटशिवाय कुणी आलं नव्हतं. पाणी पाझरत होतं, ताईंची नळी ते ओढून घेत होती, शिट्टी एका दातावरून दुसऱ्यावर जात होती आणि प्रत्येक दातावर किंचित बदलत होती. दाढांवर जाड. सुळ्यावर टोकदार. खालच्या समोरच्यांवर तर जवळजवळ गाणंच. त्यांच्या लक्षात आलं की ते खोलीत आलेत. फुंकर न मारता. खोलीत नेहमीसारखं शांत नव्हतं. कुणीतरी जिन्यावरून वर-खाली करत होतं, भिंतीपलीकडे सामान सरकत होतं. भिंतीपलीकडे! इतकी वर्षं इथे एकच खोली आहे असं ते धरून चालले होते. रोज तीनशे घरांत शिरणाऱ्या माणसाला, आपल्या डोक्यात दुसरं दार असेल, अशी शंका एकदाही आली नव्हती. शिट्टी उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर गेली आणि लांब कुठेतरी, अंधाऱ्या भागात, एक जाड, बसका सूर क्षणभर उमटून विझला. तो मीटरकाकांचा नव्हता. पण परकाही वाटला नाही.

"चूळ भरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी चूळ भरली. पाणी गुलाबी आलं. "आज थोडं येणारच," त्या म्हणाल्या. मग फिरत्या ब्रशने, पुदिन्याचा वास असलेल्या वाळूसारख्या पेस्टने दात घासून झाले. प्लॅस्टिकच्या भल्यामोठ्या जबड्यावर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवून झालं: रेटायचा नाही, हिरडीकडून दाताकडे, लहान गोल, दोन मिनिटं, रात्री चुकवायचं नाही, आणि दातांच्या फटीतून रोज दोरा. मीटरकाकांनी मान हलवली. जीभ पुन्हापुन्हा दातांच्या मागे जात होती. तिथे आता भिंत नव्हती, फटी होत्या, वारा होता.

"बांधा," ते म्हणाले.

"नक्की?"

"हो. पुढच्या आठवड्यात बांधा."

मग दाखल्याचा प्रश्न आला. खात्याच्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, 'योग्य' आणि 'अयोग्य'. डॉक्टरीणबाई पेन घेऊन थबकल्या. "योग्य लिहिलं तर खोटं होईल. अयोग्य लिहिलं तर तुम्हाला कायमचं घरी बसवतील."

"आमच्याकडे घर बंद असलं की तसंच लिहितात," मीटरकाका म्हणाले. "बंद. पुन्हा भेट."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चौकटी सोडल्या आणि समासात लिहिलं: 'सध्या बंद. दोन महिन्यांनी पुन्हा भेट.' ही भाषा पाणीखात्याला लगेच कळली. दाखला एकही शेरा न येता मंजूर झाला.

"काय म्हणाल्या?" काकूंनी दारातच विचारलं.

"दात राहील म्हणाल्या. दोन महिने वाजवायचं नाही."

काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या आत गेल्या, पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मीटरकाकांनी त्यांनाही सांगितलं. एकदा सांगून झाल्यामुळे दुसऱ्यांदा सोपं गेलं, आणि या वेळी खिडकीही सांगितली.

"तरीच," काकू म्हणाल्या.

"तरीच काय?"

"वाजवून उठलात की पाच मिनिटं तुम्ही बाहेरगावाहून आल्यासारखे वागता. चहा विचारला तर 'आभारी आहे' म्हणता." त्यांनी ग्लास उचलला. "मला इतकी वर्षं बाहेरचाच ऐकू येतो. भिंतीआडून. तो काही वाईट नसतो हो."

मीटरकाकांनी तो कधी नीट ऐकलाच नव्हता.

दोन महिने त्यांनी मीटर वाचले. दाताच्या मागची तार जिभेला लागायची, मग लागेनाशी झाली. रविवारी दुपारी ते बागेत जाऊन शेवटच्या रांगेत काकूंच्या शेजारी बसत. त्यांच्या जागी पंपघरातली एक मुलगी वाजवत होती, चांगलं वाजवत होती. क्लॅरिनेटचा सूर झाडांमधून यायचा, पातळ, कुणीतरी लांबून हाक मारून मग विसरून जावं तसा. पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या डोक्यात काय उघडतंय हे मीटरकाकांना बाहेरून कळायला मार्ग नव्हता. चौथ्या रविवारी त्यांनीही डोळे मिटून बघितलं. काही उघडलं नाही. पण सूर आवडला. त्यांनी तसं काकूंना सांगितलं, आणि काकू म्हणाल्या, "बोलू नका, ऐकू द्या."

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा त्या बोथट टोकांनी दाबून पाहिलं. दात हलला नाही. त्यांनी 'योग्य'च्या चौकटीत खूण केली आणि म्हणाल्या, "आता दर तीन महिन्यांनी यायचं. आणि काय झालं ते मला सांगायचं."

त्या दुपारी मीटरकाकांनी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडली, पट्टी ओली केली. एरवी ते वाजवायला बसले की काकू स्वयंपाकघरात जात. आज त्या समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि मांडीवर हात ठेवून वाट बघू लागल्या.

त्यांनी दात टेकवले आणि खालचा सूर धरला. थरथर आत शिरली. ती एका जागी न जाता पसरली, डावीकडे, उजवीकडे, आणि त्यांना माहीत नसलेल्या कुठल्यातरी भागात जाऊन थांबली. मीटरकाकांनी सूर सोडला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"ती खोली नाहीये."

"मग?"

"दुसरीकडे आलोय कुठेतरी. मोठं आहे. काही दिसत नाही अजून."

"बरं आहे का पण?"

त्यांनी थोडा विचार केला. "सांगता येत नाही. घाबरायला होत नाही, एवढं खरं."

"मग बघा थोडा वेळ," काकू म्हणाल्या. "मी आहे इथे. चहाला उशीर आहे अजून."

मीटरकाकांनी खालचा ओठ दुमडला, पुन्हा दात टेकवले, आणि या वेळी श्वास संपेपर्यंत तो सूर सोडला नाही.